इंजिन बदलते तेव्हा : ‘यूरोपा बार्बारोरम’ची दोन रूपे

साहित्यकृती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा काय हरवते आणि काय नव्याने घडते, याचा विचार भाषांतरमीमांसेने पुष्कळ केला आहे. संगणकीय खेळांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न निव्वळ तांत्रिक मानला जातो. एका इंजिनावर रचलेला खेळ दुसऱ्यावर नेणे म्हणजे जुन्या घरातले सामान नव्या घरात हलवणे, अशी समजूत त्यामागे असते. ‘यूरोपा बार्बारोरम’ या मॉडच्या दोन रूपांची तुलना केली असता ही समजूत टिकत नाही, असे येथे दाखवावयाचे आहे. मॉड म्हणजे प्रसिद्ध खेळाचे इंजिन तसेच ठेवून चाहत्यांनी त्याच्या आशयसामग्रीची केलेली पुनर्रचना.

‘रोम : टोटल वॉर’ हा मूळ खेळ २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात टॉलेमी घराण्याचे, म्हणजे ग्रीक परंपरेतील राज्यकर्त्यांचे, इजिप्त फेरोंच्या वेषात उभे होते. रोम तीन घराण्यांत विभागलेले होते. गॉल, जर्मन आणि ब्रिटन ‘बार्बेरियन’ या एकाच सांस्कृतिक वर्गात कोंबलेले होते आणि त्यांची नगरे ठरावीक टप्प्यापुढे वाढू शकत नसत. म्हणजे ‘रानटी’पणाविषयीचे मत येथे निवेदनातून नव्हे, तर नियमांतून व्यक्त होत होते. ‘रानटींचा युरोप’ असे उपरोधिक नाव धारण करणारा हा मॉड त्या नियमांचे खंडन होता. खेळाचा आरंभ इ. स. पू. २७२ मध्ये ठेवून त्याने प्रत्येक समाजाच्या सैन्यदलांना शक्यतो त्या समाजाच्याच भाषेतील नावे दिली. कोणत्याही सत्तेत न बसणाऱ्या समाजांना मूळ खेळ ‘बंडखोर’ म्हणत असे; मॉडने त्यांना ‘एलेउथेरोई’, म्हणजे ‘स्वतंत्र लोक’, म्हटले. एका शब्दाच्या बदलाने केंद्र आणि परिघ यांचे नातेच येथे उलटते.

तथापि हे खंडन ज्या इंजिनाविरुद्ध होते, त्याच्याच आधाराने उभे होते. त्या इंजिनात सत्तांची संख्या २१ पलीकडे जात नसे. कोणाला वाणी द्यायची आणि कोणाला मूक ठेवायचे, हा प्रश्न त्यामुळे अटळ होता. २००६ च्या ‘मेडिव्हल २’ या खेळाच्या इंजिनाने, विशेषतः २००७ च्या ‘किंग्डम्स’ या विस्ताराने, ही मर्यादा ३१ वर नेली. त्यावर रचलेले ‘यूरोपा बार्बारोरम २’ २०१४ साली प्रथम उपलब्ध झाले. पेर्गामोन, बोस्पोरस आणि आपली तक्षशिला यांना त्यात स्वतंत्र सत्तांचे स्थान मिळाले. प्रांतांची मर्यादा मात्र दोन्ही इंजिनांत सुमारे २०० च राहिली. बोलणारे वाढले, भूमी वाढली नाही.

खरा पेच पुढे आहे. ‘मेडिव्हल २’ मध्ययुगाचा खेळ असल्याने त्यात धर्मप्रसाराची यंत्रणा आहे : प्रत्येक प्रांतात कोणत्या धर्माचे किती टक्के लोक, याचा हिशेब इंजिन ठेवते आणि विसंगती वाढली की असंतोष वाढतो. मॉडकारांनी ही यंत्रणा संस्कृतीसाठी वापरली. यात मोठा लाभ आहे. एकाच प्रांतातील संमिश्र समाज दाखविणे जुन्या इंजिनात साधत नव्हते. तेथे संस्कृती मुख्यतः इमारतींवरून ओळखली जाई. परंतु धर्मांतराच्या व्याकरणात मांडलेली संस्कृती टक्केवारीने मोजता येते, एकीची वाढ म्हणजे दुसरीची घट ठरते. दोन परंपरांत एकाच वेळी वावरणारा माणूस या गणितात बसत नाही. हेलेनिस्टिक जगाचे वैशिष्ट्य तर नेमके असा माणूस हेच होते. अनुष्टुभातील गीता ओवीत आली तेव्हा केवळ छंद बदलला नाही. सांगणारा आणि ऐकणारा यांचे नातेही बदलले. येथेही इंजिन हे निव्वळ पात्र नाही. ते आशयाला स्वतःचे मत चिकटवते.

आणखी एक तपशील लक्षणीय आहे. पहिल्या रूपात मॉडची घटनासंहिता आपोआप चालत नसे. जतन केलेला डाव पुन्हा उघडला की खेळणाऱ्याला खेळातील सल्लागारामार्फत ती दरवेळी सुरू करावी लागे. ही गैरसोय होती, यात शंका नाही. पण मूळ खेळावर दुसरा इतिहास जाणीवपूर्वक लादला जात आहे, याचे भानही त्या कृतीत होते. नव्या इंजिनात संहिता आपोआप चालते. सोय झाली; मात्र प्रतिवाद म्हणून आलेला इतिहास आता स्वाभाविक वाटू लागला. प्रतिवाद प्रस्थापित होताना हीच किंमत मोजतो.

मॉडकारांना पर्याय नव्हता, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्यच आहे. त्यांच्या विनामोबदला परिश्रमाचे मोल येथे कमी लेखलेले नाही. इंजिनच्या संकेतव्यवस्थेने त्यांच्याकडून काय वदवून घेतले, एवढाच प्रश्न आहे. दोन्ही खेळांच्या अंतर्गत फायलींमध्ये त्या ‘स्वतंत्र लोकां’चे नाव ‘स्लेव्ह’, म्हणजे गुलाम, असे आहे. खेळणाऱ्याला ते दिसत नाही. पडद्यावरील शब्द मॉडकारांनी बदलला; तळाचा शब्द इंजिन बदलूनही तसाच राहिला. समीक्षेने वाचावयाची संहिता या दोन शब्दांच्या मधल्या अंतरात आहे.