अनुवादाबाहेरचा आरएनए : एका रूपकाची मर्यादा

रेणवीय जीवविज्ञानाने आपली परिभाषा भाषाव्यवहारातून उचलली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. जनुकातील मजकुराचे आरएनएमध्ये प्रतिलेखन होते, त्या आरएनएचा प्रथिनात अनुवाद होतो, आणि या साऱ्यामागे एक संकेतावली असते. रोमान याकोबसनसारख्या भाषाशास्त्रज्ञाला या साम्यात निव्वळ अलंकार दिसला नाही. दोन व्यवस्थांच्या घडणीतील नाते दिसले. हे साम्य कोठवर ताणता येते हे पाहावयाचे झाल्यास स्नायूंच्या एका आनुवंशिक विकारावरील संशोधन डोळसपणे वाचावे.

मायोटोनिक डिस्ट्रॉफी या विकारात आवळलेली मूठ चटकन सुटत नाही. १९९२ साली त्याचे मूळ १९ व्या गुणसूत्रावरील एका जनुकात सापडले. तेथे सीटीजी ही तीन अक्षरे निरोगी माणसात सुमारे ५ ते ३७ वेळा, तर रोग्यात ५० पासून काही हजार वेळा आवृत्त होतात. चमत्कार असा की ही आवृत्ती जनुकाच्या ज्या भागात आहे त्याचा प्रथिनात अनुवादच होत नाही. अनुवादाचे रूपक प्रमाण मानणाऱ्यांनी साहजिकच त्या जनुकाचे प्रथिन कमी पडत असावे असा तर्क केला. परंतु १९९६ मध्ये ते जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार झाले तेव्हा त्यांच्यात विकाराची लक्षणे फारच सौम्य आढळली.

चार्ल्स थॉर्नटन यांच्या रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेतून अमी मनकोडी व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे महत्त्व येथे आहे. त्यांनी सुमारे २५० आवृत्तींचा आरएनए सर्वस्वी वेगळ्या, म्हणजे स्नायूतील ॲक्टिनच्या, जनुकातून उत्पन्न करविला. त्या उंदरांचे स्नायू आखडू लागले. अवघ्या ५ आवृत्ती असलेल्यांचे आखडले नाहीत. याचा अर्थ, दोष त्या आरएनएचाच होता. २००२ च्या निबंधात त्यांनी पुढील दुवा दाखविला : स्नायुपेशीच्या आवरणातील क्लोराइड वाहिनीच्या आरएनएचे तुकडे चुकीचे जोडले जातात, वाहिनी पुरेशी बनत नाही, आणि स्नायू शिथिल होण्यास विलंब लागतो. पुढल्याच वर्षी राहुल कनाडिया प्रभृतींनी हे तुकडे जोडण्याचे नियमन करणारे मसलब्लाइंड हे प्रथिनच उंदरात निकामी केले, तेव्हा आखडणे तर दिसलेच, मोतीबिंदूही दिसला. लांबलेला आरएनए हेच प्रथिन पेशीकेंद्रकात अडकवून ठेवतो, या मताला त्यामुळे बळकटी आली.

मात्र २००० च्या निबंधाचे शीर्षक त्यातील पुराव्यापेक्षा रुंद आहे. उंदरात संपूर्ण विकार अवतरल्याचे ते सुचविते. वस्तुतः ॲक्टिनच्या जनुकामुळे प्रयोग कंकालस्नायूंपुरता सीमित होता. हृदय, डोळा, मेंदू यांविषयी त्यावरून काहीच म्हणता येत नव्हते, आणि रोग्यांना जेरीस आणणारा स्नायूंचा ऱ्हासही त्या उंदरांत ठळकपणे आढळला नाही. शिवाय टॉमस कूपर यांच्या गटाने दाखविल्याप्रमाणे दुसऱ्या एका नियामक प्रथिनाचे प्रमाण या विकारात वाढते. केवळ अडकण्याने सर्व उलगडा होत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक दृष्टांत सुचण्यासारखा आहे. प्रमाण मराठीत 'करायला' हे रूप हेतू दर्शविते. परभणी जिल्ह्यातील वालूरकडे मात्र 'तो काम करायलाय' म्हणजे तो काम करीत आहे. रूप जवळजवळ तेच; त्याचे वाचन ठरते ते कोणत्या बोलीत उच्चारले गेले यावरून. एकाच जनुकाच्या आरएनएतून गर्भावस्थेतील आणि प्रौढ स्नायूत निराळी प्रथिने निघतात, तेथेही वाचन परिस्थितीवर अवलंबून असते. दृष्टांत येथवर ठीक आहे. परंतु वालूरच्या माणसाने एकच शब्द हजार वेळा उच्चारला म्हणून गावातील इतरांच्या बोलण्याचे व्याकरण बिघडत नाही. पेशीत नेमके तसेच घडते.

न्यायशास्त्राने निष्प्रयोजन आवृत्तीला पुनरुक्त आणि सप्रयोजन आवृत्तीला अनुवाद म्हटले. भाषांतर या अर्थाने 'अनुवाद' शब्द रूढ होताना ही छटा मागे पडली. प्रस्तुत आवृत्ती या दोहोंत बसत नाही : तिला प्रयोजन नाही, पण परिणाम आहे. पाठ्यपुस्तकात अशा भागाला 'अनुवादित न होणारा भाग' म्हणावे हे वर्णन म्हणून चालेल. त्यालाच 'निरर्थक' म्हणण्याची काहींची सवय मात्र टाकली पाहिजे.