गृहविज्ञानातला हरवलेला ‘का?’

गृहविज्ञान म्हटलं की डोळ्यांसमोर भरतकाम आणि पाककृतींची वही येते. या विषयाचं एक मूळ मात्र प्रयोगशाळेत आहे. अमेरिकेतल्या एमआयटीची १८७३ साली पदवी मिळवणाऱ्या पहिल्या महिला एलन स्वॅलो रिचर्ड्स यांनी १८८२ मध्ये स्वयंपाक आणि साफसफाईच्या रसायनशास्त्रावर एक छोटेखानी पुस्तक लिहिलं.

पुस्तकाचं बळ त्यातल्या ‘का?’मध्ये आहे. पाव का फुगतो, साबण तेलकटपणा कसा काढतो, हे त्या रसायनशास्त्राच्या आधारे उलगडतात. उणीव एकच, पण मोठी: हे सारं फक्त गृहिणीसाठी. पुढे १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानं तिथल्या शाळांमध्ये या विषयाला सरकारी पैसा मिळाला, तो व्यवसायशिक्षण म्हणून. मुलींना शिवण-स्वयंपाक, मुलांना सुतारकाम ही वाटणी पक्की झाली. ती मोडायला १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा यावा लागला. १९९४ मध्ये तिथल्या संघटनेनं ‘कुटुंब व ग्राहक विज्ञान’ हे नाव घेतलं.

पण नुसतं नाव बदलून ‘का?’ परत येत नाही. तो वर्गात विचारावा लागतो. ढोकळ्यात सोडा जास्त आणि लिंबू कमी पडलं तर साबणासारखी चव का येते? तापल्यावर खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचा सोडा मागे उरतो. पुरेसं आम्ल असेल तर तो उरत नाही. हा धडा मुलग्यांनी का चुकवावा?