झोपेचं सोंग

झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही म्हण माणसांसाठी होती. गेल्या हिवाळ्यात ती माझ्या लॅपटॉपला लागू पडली, आणि तेव्हापासून या यंत्राच्या झोपेवर एकदा नीट लिहावं असं मनात होतं. ज्या गोष्टीवर आपण रोज विसंबतो तिचीही समीक्षा व्हायला हवी. कादंबरीची होते, नाटकाची होते; मग लॅपटॉपच्या झाकणाची का नको?

प्रसंग तुम्हाला ओळखीचाच वाटेल. लीड्समधली डिसेंबरची सकाळ, बाहेर अजून अंधार. फेलोशिपचा अर्ज संध्याकाळी चारपर्यंत पाठवायचा होता. रात्री एक वाजता भूजलाच्या मॉडेलचं गणित पूर्ण झालं, निकाल मेमरीत होते, आकृत्या पडद्यावर होत्या. डोळे मिटत होते. मी झाकण लावलं आणि झोपले. सकाळी झाकण उघडलं तर पडदा काळा. पंखा हलकेच घरघरतोय, कीबोर्डखालचा दिवा लागलेला, म्हणजे जीव आहे. पण कळ दाबा, माउस हलवा, बटण हलकेच दाबा, काही नाही. शेवटी मी तेच केलं जे तुम्हीही केलं असतं: पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. यंत्र मेलं, पुन्हा जन्मलं, आणि मागच्या जन्मातलं त्याला काहीही आठवत नव्हतं.

निकाल साठवून झाकण लावायला हवं होतं, ही चूक माझी. पण ‘झोप’ हा शब्द मला काय वचन देतो? झोपलेला माणूस उठतो तेव्हा त्याला स्वतःचं नाव आठवतं. माझा आक्षेप या वचनाबद्दल आहे.

आधी ही झोप असते काय ते पाहू. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचं एक मानक प्रसिद्ध केलं. संगणकाच्या अवस्थांना त्यात क्रमांक आहेत. एस० म्हणजे पूर्ण जागा. एस३ म्हणजे आपली ओळखीची झोप: प्रोसेसर बंद, डिस्क बंद, पडदा बंद, फक्त रॅमला थोडी वीज. रॅमचा स्वभाव विसराळू असतो. तिच्यातला प्रत्येक कण साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा ताजा करावा लागतो, नाहीतर लिहिलेलं पुसलं जातं. एस३मध्ये एवढं एकच काम रात्रभर चालतं. एस४ म्हणजे हायबरनेट: रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून वीज पूर्ण बंद. एस५ म्हणजे बंद.

या मांडणीत एक सुबकपणा आहे, तो मान्य करायला हवा. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती अशा अवस्था वेगळ्या काढल्या आहेत. इथेही जागं आणि गाढ झोपलेलं यांच्यामध्ये स्पष्ट रेघ आहे.

अडचण उठण्याची. एस३मधून उठताना आधी फर्मवेअर जागं होतं, ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती सूत्रं देतं, आणि मग एकेका भागाला त्याचा ड्रायव्हर पूर्वीच्या स्थितीत आणतो: ग्राफिक्स, वायफाय, यूएसबी, डिस्क. पंगतीसारखा प्रकार आहे. सगळी पानं वाढून झाल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. एका पानावर वाढपी अडला की अख्खी पंगत हात आखडून बसते. आणि पाहणाऱ्याला दिसतो फक्त काळा पडदा, कारण काय अडलंय ते सांगणारा पडदाच अजून उठलेला नसतो.

या मुक्या अवस्थेवरचा मला माहीत असलेला सगळ्यात हुशार तोडगा लिनक्समध्ये आहे. २००६ साली लिनस टोरवाल्ड्सनं त्यासाठी एक युक्ती लिहिली. उठताना प्रत्येक टप्प्यावर, आपण कुठवर आलो याची खूण संगणकाच्या घड्याळात लिहून ठेवायची. कारण बटण दाबून धरल्यावर रॅम पुसली जाते, पण घड्याळ छोट्या बॅटरीवर चालतं, ते टिकतं. पुन्हा सुरू केल्यावर घड्याळाची वेळ साफ चुकलेली असते, आणि त्या चुकीच्या वेळेतच कुठल्या भागावर घोडं अडलं ते लिहिलेलं असतं. मला ही युक्ती मनापासून आवडते. पण तीच एक टीकाही आहे: ज्या रचनेत ‘मी कुठे अडकलो’ एवढं सांगायला घड्याळ बिघडवावं लागतं, त्या रचनेनं बोलण्याची सोय आधी ठेवलीच नव्हती.

आता नव्या झोपेकडे येऊ. मोबाइल फोन आले आणि आपल्याला सवय लागली: बोट लावलं की पडदा हजर. लॅपटॉपनंही तसंच वागावं, असं ठरलं. विंडोज ८बरोबर ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आलं, विंडोज १०मध्ये त्याचं ‘मॉडर्न स्टँडबाय’ झालं. यात यंत्र एस३मध्ये जातच नाही. ते एस०मध्येच, म्हणजे कागदोपत्री जागंच राहतं. फक्त पडदा मिटतं आणि एकेक भाग शक्य तितका शांत करतं. मधूनमधून उठून मेल पाहतं, अपडेट घेतं, पुन्हा निवांत होतं. गेल्या काही वर्षांतल्या अनेक लॅपटॉपमध्ये जुन्या एस३ची सोयच फर्मवेअरमध्ये ठेवलेली नाही. तुम्हाला हवी असली तरी ती झोप मिळत नाही.

याची बाजूही मांडायला हवी. नीट जमलेलं मॉडर्न स्टँडबाय सुरेख असतं. झाकण उघडलं की क्षणात काम सुरू. फर्मवेअरचा तो लांबचा फेरा टळतो. मग बिघडतं कुठे? फोन बनवणारा बहुधा चिपपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळ्यावर लक्ष ठेवून असतो. लॅपटॉप हे मात्र वेगवेगळ्या कारखान्यांतल्या भागांचं एकत्र कुटुंब. प्रत्येकानं वेळेवर शांत झालं तरच घर झोपतं. जुन्या पद्धतीत एक भाग अडला की यंत्र उठत नसे. नव्या पद्धतीत एक भाग जागा राहिला की ते नीट झोपतच नाही. मग बंद बॅगेत लॅपटॉप तापतो, सकाळी बॅटरी उतरलेली असते. आणि उठण्याचा प्रश्नही पूर्ण सुटलेला नाही, कारण खोल झोपवलेल्या भागांना परत उठवायचं काम ड्रायव्हरच करतात.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. काही वेळानं किंवा बॅटरी ठरावीक उतरली की अशी यंत्रं स्वतःहून हायबरनेटमध्ये जातात. म्हणजे सकाळी झाकण उघडता तेव्हा समोरचं यंत्र नुसता पडदा मिटून बसलेलं असेल, खोल शांत असेल, डिस्कवर सगळं उतरवून पूर्ण बंद असेल, किंवा खरंच गोठलेलं असेल. या चारही अवस्थांचा रंग एकच, काळा. प्रत्येकीवर उपाय वेगळा: एकीत कळ दाबायची, एकीत पॉवर बटण हलकेच दाबायचं, एकीत अर्धा मिनिट थांबायचं, एकीत जबरदस्ती करायची. पण कोणती ते सांगणारं काही नाही. ॲपलच्या जुन्या लॅपटॉपवर झोपेत मंद उजळणारा आणि विझणारा एक छोटा दिवा असे, श्वास चालल्यासारखा. पुढच्या मॉडेलांतून तो गेला. तो दिवा गेला तेव्हा एक वाक्य गेलं: ‘मी ठीक आहे, झोपलोय.’

शब्दांचा घोळ इथेच संपत नाही. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती सुरू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर संगणक पूर्ण बंद होत नाही. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण सिस्टिमचा गाभा हायबरनेट करून ठेवला जातो. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’नं होते. म्हणजे झोप ही झोप नाही, आणि बंद हे बंद नाही. रोज रात्री न चुकता ‘शट डाउन’ करणाऱ्या माणसाचा तोच बिघाड दुसऱ्या दिवशी तसाच समोर येतो, आणि त्याला वाटतं, आपलंच काही चुकतंय.

असा एक माणूस माझ्या घरी आहे. साताऱ्याला बाबांना मी तीन वर्षांपूर्वी लॅपटॉप दिला. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असतो. इथे सकाळचे नऊ, तिथे दुपारचे अडीच. मध्ये तीन रविवार बाबा फोनवरूनच बोलले. चौथ्या रविवारी मी विचारलं तेव्हा म्हणाले, “अगं, तो उठतच नाही कधीकधी. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार. तू कामात असतेस, म्हणून बोललो नाही.” त्यांनी आपल्यापुरता उपायही शोधला होता: झाकण लावायचंच नाही. लॅपटॉप दिवसरात्र उघडा, त्यावर आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा.

चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस एका काळ्या पडद्यासमोर स्वतःला दोषी ठरवतो. माझे निकाल गेले ते मी दुपारपर्यंत पुन्हा काढले, अर्ज कसाबसा वेळेत गेला. पण बाबांचे ते तीन रविवार परत काढता येत नाहीत. यंत्र काही बोललं नाही की दोष आपोआप वापरणाऱ्याकडे सरकतो. या रचनेचं हे सगळ्यात मोठं अपयश मला वाटतं.

त्या रविवारी मी बाबांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. तुमच्याही घरी भारतात एखादा असा लॅपटॉप असेल.

“बाबा, आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का?” लागत असेल तर यंत्र बहुधा जागं आहे, फक्त पडदा आंधळा आहे. मग विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबायचं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि पुष्कळदा पडदा परत येतो. नसेल लागत, तर चार्जरखेरीज लावलेलं सगळं काढायचं, पॉवर बटण एकदा हलकेच दाबून अर्धा मिनिट थांबायचं. दाबून धरणं अगदी शेवटी, कारण न साठवलेलं सगळं त्यात जातं.

उठल्यावर चौकशी. कमांडच्या काळ्या खिडकीत पॉवर हा शब्द, त्याला चिकटून सी, एफ, जी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ए. तुमच्या यंत्राला कोणकोणती झोप येते त्याची यादी मिळते. त्यात एस३ आहे की एस०, ते पाहा. ‘ए’च्या जागी ‘स्लीपस्टडी’ लिहिलं, आणि खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली असली, तर मॉडर्न स्टँडबायच्या यंत्रावर गेल्या तीन दिवसांच्या झोपेचा अहवाल तयार होतो: कधी झोपलं, किती बॅटरी गेली, कोणी जागं ठेवलं. इतका चांगला अहवाल यंत्राजवळ असतो, आणि तो मागण्याची कळ कुठेही दिसत नाही, याला काय म्हणावं?

त्यानंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि बायोस, दोन्ही लॅपटॉप बनवणाऱ्याच्याच पानावरून अद्ययावत करायचे. फास्ट स्टार्टअप बंद. आणि एवढं करूनही भरवसा वाटत नसेल, तर सेटिंगमध्ये झाकणाचं काम बदलून हायबरनेट करायचं. उठायला थोडा वेळ जास्त लागतो, पण मध्येच वीज गेली तरी काम डिस्कवर असतं. बाबांसाठी आम्ही हेच केलं. माझ्या बाबतीत दोषी निघाला तो मॉनिटर जोडायचा डॉक; रात्री त्याची वायर काढून ठेवायला लागल्यापासून काळी सकाळ आलेली नाही.

बनवणाऱ्यांकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत. एक दिवा, जो अवस्था सांगेल. उठणं अडलं तर पुढच्या वेळी पडद्यावर एक साधं वाक्य: काल रात्री अमुक भाग उठला नाही, दोष तुमचा नव्हता. सध्या विंडोजच्या नोंदवहीत अशा रात्रीनंतर ४१ क्रमांकाची नोंद सापडते. तिचा अर्थ एवढाच की संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. ते तर बटण दाबून धरणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. आणि जुनी, गाढ झोप ज्याला हवी त्याला निवडू द्यावी. यंत्र विकत घेतलं आहे. त्यानं कसं झोपावं हे ठरवायचा थोडा हक्क आपलाही असावा.

परवाच्या रविवारी बाबांनी व्हिडिओ कॉल लावला. साडीचा तुकडा दिसला नाही, म्हणून विचारलं. म्हणाले, “झाकण लावतो आता. सकाळी उघडतो, जरा थांबतो, येतो तो.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण जे लिहितो ते आधी सेव्ह करतो हं.”