करमरकरांचा घोडा उधळत नाही

कुंडलहून पुण्याला शिकायला आलेल्या पोरांना शिवाजीनगर म्हणजे एसटी स्टँड. जवळच, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात, आपल्याकडचा सगळ्यात देखणा ब्राँझचा घोडा उभा आहे, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

१९२८ साली बसलेला हा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकरांचा. अलिबागजवळच्या सासवण्याचा हा मुलगा. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यानं काढलेलं महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्डनं पाहिलं आणि त्याला जे. जे. स्कूलला धाडलं. पुतळा साडेतेरा फुटी, माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतलेला. एवढा मोठा ओतीव ऐन वेळी फसला असता तर महिन्यांची मेहनत भंगारात गेली असती.

पण मला थांबवतो तो घोडा. तो दोन पायांवर उभा राहून खिंकाळत नाही. चालतोय. मान आखडलेली, लगाम ताणलेला, अंगात वेग आहे पण स्वाराच्या ताब्यात. संगमरवरी घोडा असता तर पोटाखाली टेकू द्यावा लागला असता. ब्राँझ ताण सोसतं, म्हणून हे वजन बारीक पायांवर पेललंय. करमरकरांनी ही ताकद स्टंटसाठी वापरली नाही. महाराजांचा अधिकार त्यांनी तलवारीपेक्षा लगामात दाखवला, असं मला वाटतं.

एक तक्रार आहे. सासवण्याच्या घरी, आता संग्रहालय आहे तिथं, त्यांनी घडवलेली साधी माणसं बघा. ती आत्ता बोलतील असं वाटतं. पुण्यातला चेहरा त्यामानानं दूरचा, सरकारी. इथं घोडाच जास्त जिवंत आहे! (चौथराही उंच, त्यामुळे खालून बघणाऱ्याला आधी घोड्याचं पोट दिसतं.)

आज कुठल्याही चौकातला नवा पुतळा घ्या. घोडा उधळलेला, तलवार आभाळात, आणि बातमीत फक्त फूट. मालवणच्या राजकोटावरचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्यावर घोडा नव्हता, पण घाई होती. नंतरची चर्चा गंज, वारा आणि नटबोल्टांवर झाली. मूर्ती म्हणून ती कशी होती, हे फारसं कुणी विचारलं नाही. करमरकरांच्या पुतळ्याबद्दल तो प्रश्न आपण अजून विचारू शकतो, कारण तो जागेवर आहे. शिवाजीनगरला उतरलात तर दहा मिनिटं काढा. सेल्फी नंतर. आधी बाजूनं उभे राहा आणि घोड्याचा उचललेला पाय बघा.