वर्ड्स्वर्थचें एक गद्य पुस्तक

आमच्या महाविद्यालयांतून इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांना वर्ड्स्वर्थ ठाऊक आहे तो कवि म्हणून, आणि तोहि बहुधा पाठ्यपुस्तकांतील डॅफोडिल फुलांपुरता. त्यानें प्रवाशांसाठीं एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलें होतें, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें. त्याच्या हयातींत परिस्थिति निराळी होती. मॅथ्यू अर्नोल्डनें एका पाद्र्याची गोष्ट सांगितली आहे. कवीच्या दर्शनाला आलेल्या या गृहस्थानें त्याला विचारलें, कीं सरोवरांच्या मार्गदर्शकाखेरीज आपण आणखी कांहीं लिहिलें आहे काय? पाद्रीबोवांना हंसणें सोपें आहे. पण पुस्तक वाचून झाल्यावर त्यांची निवड अगदींच वाईट नव्हती, असें म्हणावेंसें वाटतें.

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यांतील सरोवरप्रांताचें हें वर्णन प्रथम १८१० सालीं एका चित्रसंग्रहाची प्रस्तावना म्हणून, लेखकाच्या नांवावांचून, छापलें गेलें. १८२० मध्यें तें डडन नदीवरील सुनीतांच्या पुस्तकास जोडलें गेलें, १८२२ मध्यें स्वतंत्र निघालें, आणि १८३५ च्या पांचव्या आवृत्तींत त्याला अखेरचें रूप आलें. रस्ते आणि अंतरें सांगणारा भाग आज कोणी वाचला नाहीं तरी चालेल. खरें पुस्तक पुढच्या तीन प्रकरणांत आहे : निसर्गानें घडविलेला प्रदेश, माणसानें घडविलेला प्रदेश, आणि माणसानें बिघडवूं घातलेला प्रदेश. पहिल्याच प्रकरणांत तो वाचकाला ग्रेट गेबल आणि स्कॉफेल या दोन पर्वतांच्या मध्यें तरंगणाऱ्या ढगावर नेऊन बसवितो, आणि खालच्या दऱ्या चाकाच्या तुंब्यांतून निघालेल्या आऱ्यांप्रमाणें चहूंकडे पसरलेल्या दाखवितो. नकाशा उलगडून जें ध्यानांत येत नाहीं, तें या एका उपमेनें येतें.

परंतु माझ्या मतें पुस्तकाचा प्राण दुसऱ्या प्रकरणांत आहे. येथें वर्ड्स्वर्थ डोंगरांवरून खालीं घरांकडे पाहतो. तीं घरें बांधलेलीं नसून तेथल्या खडकांतूनच उगवलीं आहेत, असा भास त्याला होतो. त्यांत राहणारे लोक स्वतःच्या लहानशा जमिनीचे धनी. तेथील बोलींत त्यांना 'स्टेट्समन' म्हणत. अर्थ मुत्सद्दी नव्हे, वतनवाला. वर कोणी सरदार नाहीं, जमीनदार नाहीं. मेंढपाळांचें आणि शेतकऱ्यांचें जणूं एक लोकराज्यच या दऱ्यांत नांदत होतें, असें चित्र तो रंगवितो. त्यांत थोडी अतिशयोक्ति असेल. पण पुढें जें तो सांगतो त्यांत मुळींच नाहीं. या कुटुंबांचा निर्वाह केवळ शेतीवर होत नसे. घरोघर लोकर कातून चार पैसे मिळत. गिरण्या निघाल्या, घरचें कातणें बुडालें, जमिनी गहाण पडल्या, आणि अखेर त्या पैसेवाल्या परस्थांच्या हातीं गेल्या. चरखा बंद पडला म्हणजे घराचें काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

याच ठिकाणीं तें प्रसिद्ध वाक्य येतें. सरोवरप्रांत हा एका प्रकारें साऱ्या राष्ट्राची मालमत्ता आहे, आणि ज्याला पाहण्यास डोळा व रमण्यास हृदय आहे अशा प्रत्येकाचा तिच्यावर हक्क आहे, असें वर्ड्स्वर्थ म्हणतो. पुढच्या पिढ्यांसाठीं भूमि राखून ठेवण्याच्या चळवळीचा इतिहास लिहिणारे हें वाक्य आदरानें उद्धृत करतात, आणि तें योग्यच आहे. पण तें कोठें आलें आहे, इकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. तें आलें आहे जमिनी गमावणाऱ्या लोकांच्या हकीकतीच्या पाठोपाठ, आणि त्याचा रोख आहे त्या जमिनी घेणाऱ्यांकडे. नव्या मालकांनीं घरें पांढरीं रंगवूं नयेत, बेटांवर भलतेंसलतें बांधूं नये, लार्चच्या झाडांच्या पलटणी डोंगरावर उभ्या करूं नयेत, असें त्यांना विनविण्यांत तिसरें प्रकरण खर्ची पडलें आहे. सूचना एकूणएक मार्मिक आहेत. दगडाच्या रंगाविषयीं इतक्या बारकाईनें लिहिणारा लेखक त्या काळीं दुसरा क्वचितच सांपडेल. तथापि दरींतून जो उठून गेला त्याची वाट काय, हा प्रश्न सुरेख घरांच्या चर्चेंत कोठल्या कोठें विरून जातो. हक्काचा पुरावा म्हणून वर्ड्स्वर्थ डोळा मागतो. आणि डोळा आहे कीं नाहीं, हें ठरविणार कोण?

आश्चर्य हें, कीं कवि वर्ड्स्वर्थला या प्रश्नाचें मर्म गद्यकार वर्ड्स्वर्थच्या आधीं दहा वर्षें कळलें होतें. १८०० सालचें त्याचें 'मायकेल' हें काव्य पाहा. म्हातारा मेंढपाळ जमीन वांचावी म्हणून एकुलता मुलगा शहराकडे धाडतो. मुलगा बिघडतो, आणि म्हाताऱ्यामागें जमीन परक्याच्या हातीं जाते. अर्धवट रचलेला मेंढवाडा आणि दाराशींचा ओक वृक्ष एवढेंच उरतें. तेथें देखाव्याची स्तुति जवळजवळ नाहीं. त्या डोंगराला मोल आहे तें मायकेलनें त्यावर साठ-सत्तर वर्षें पाय झिजविले म्हणून. 'मार्गदर्शका'पेक्षां 'मायकेल' मला थोर वाटतें तें याच कारणास्तव.

गद्यांतला हा दोष १८४४ सालीं उघड्यावर आला. केंडालहून विंडरमीरपर्यंत आगगाडी नेण्याचें ठरत होतें. चौऱ्याहत्तर वर्षांच्या राजकवीनें 'मॉर्निंग पोस्ट' पत्रांत प्रथम एक सुनीत व पुढें दोन पत्रें छापून विरोध केला. त्यांतील युक्तिवाद असा, कीं सृष्टिसौंदर्याची आवड संस्कारानें हळूहळू येते; अशा संस्काराला मुकलेल्या कामकरी वर्गाला एखाद्या दिवसाच्या सहलीनें काय लाभणार? उलट त्यांना रमविण्यासाठीं कुस्त्या, शर्यती आणि दारूचे गुत्ते मात्र वाढतील. गर्दीविषयींची त्याची धास्ती खोटी म्हणवत नाहीं. आज मोटारींनीं तेथील रस्ते तुंबतात. पण जो हक्क त्यानें साऱ्यांना देऊं केला होता, त्याचा दरवाजा त्यानें येथें स्वतःच्या हातानें लोटून घेतला. १८४७ मध्यें गाडी सुरू झालीच.

त्याला उत्तर मिळालें तें त्याच्या मृत्यूनंतर बावन्न वर्षांनीं. ऑक्टेव्हिया हिल, सर रॉबर्ट हंटर आणि केझिकजवळचे पाद्री हार्डविक रॉन्स्ली या तिघांनीं १८९५ सालीं नॅशनल ट्रस्ट ही संस्था काढली. ऑक्टेव्हियाबाईंचें आयुष्य लंडनच्या गरिबांना राहण्याजोगीं घरें मिळवून देण्यांत गेलें होतें; मोकळी जमीन ही त्यांच्या दृष्टीनें त्या गरिबांच्या बसण्याउठण्याची जागा होती. १९०२ सालीं डरवेंट सरोवराच्या कांठचें ब्रँडलहाउ येथील १०८ एकर रान विकत घेण्यासाठीं संस्थेनें वर्गणी काढली. साडेसहा हजार पौंड जमले. त्यांत एका मजुराचे दोन शिलिंग होते. याहून अधिक देण्याची आपली ऐपत नाहीं, पण डरवेंट आपण एकदां पाहिलें आहे आणि तें विसरतां येत नाहीं, अशा आशयाचें त्यानें कळविलें होतें. 'मॉर्निंग पोस्ट'मधील पत्रांवर इतकी नेमकी टीका कोणा प्राध्यापकाला लिहितां आलेली नाहीं.

१९०७ च्या कायद्यानें संस्थेला आपल्या जमिनी अविक्रेय म्हणून जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. (देवाच्या नांवानें सोडलेल्या राईला कुऱ्हाड न लावणाऱ्या आमच्या सह्याद्रींतील खेडुताला ही कल्पना मुळींच परकी वाटणार नाहीं.) मात्र मायकेलची आठवण खऱ्या अर्थानें ठेविली ती बीट्रिक्स पॉटर या लेखिकेनें. मुलांच्या गोष्टींच्या उत्पन्नांतून तिनें डोंगराळ शेतवाड्या घेतल्या, आणि १९४३ सालीं मृत्यूनंतर चार हजारांहून अधिक एकर जमीन ट्रस्टला दिली. आणि डोंगरावरील वाड्यांत हर्डविक जातीच्या मेंढ्यांचे कळप राखावेत, अशी तजवीज केली. येथें नुसता देखावा राखलेला नाहीं, तर त्यांतला धंदाहि राखला आहे. २०१७ मध्यें युनेस्कोनें हा प्रांत जागतिक वारसा म्हणून नोंदविला, तोहि मेंढपाळीसकट, सांस्कृतिक प्रदेश म्हणून. याच मेंढ्यांनीं डोंगर उघडेबोडके केले असें म्हणणारा पक्ष आज तेथें आहे, आणि त्याचें म्हणणें सहज उडवून लावण्यासारखें नाहीं. सुटीपुरतें राहण्याला घरें घेणाऱ्या श्रीमंतांमुळें तेथल्या तरुणांना घर परवडत नाहीं, ही तक्रार तर 'मार्गदर्शका'च्या तिसऱ्या प्रकरणाहून फारशी निराळी नाहीं.

पुस्तक मिळविणाऱ्यानें १८३५ ची आवृत्ति पाहावी, दुसरें प्रकरण आधीं वाचावें, आणि 'मायकेल' शेजारीं उघडून ठेवावें. १८४४ चीं पत्रें कित्येक आवृत्त्यांत परिशिष्ट म्हणून जोडलेलीं असतात. तीं गाळूं नयेत.