स्वरलेखन संगणकप्रणालीतील वाद्यध्वनिसंच : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक :

बुलढाणा जिल्ह्याची सांगीतिक ओळख मुख्यत्वे भजन-कीर्तनाच्या परंपरेशी निगडित आहे. शेगावच्या श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते आणि तिच्यासोबत टाळ, मृदंग व वीणा चालत असतात. गावोगावच्या भजनी मंडळांत हार्मोनियम आणि पखवाज ही जोडी स्थिरावलेली आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील या जिल्ह्यात संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती स्वरलेखनाची संगणकप्रणाली येते, तेव्हा हाच अभंग तो पडद्यावर लिहितो आणि एक कळ दाबून ऐकतो. ऐकू येणारा आवाज मात्र त्याच्या गावच्या भजनाचा नसतो. तो कोठून येतो, बदलता येतो काय, आणि बदलल्यास संगीताचे काय होते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ध्वनिसंचाची निवड ही तांत्रिक बाब म्हणून संगणक-साहाय्यकावर सोपविली जाते. वस्तुतः तो सांगीतिक निर्णय असून त्याची जबाबदारी संगीताच्या अध्यापकाची आहे, असे येथे प्रतिपादन आहे.

ध्वनिसंचाचे स्वरूप :

स्वरलेखनाच्या प्रणालीत लिहिलेले चिन्ह आणि ऐकू येणारा ध्वनी या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. चिन्हातून 'कोणता स्वर, किती वेळ, किती जोराने' एवढीच सूचना निघते. ती सूचना ध्वनिसंचाकडे जाते. तेथे प्रत्यक्ष वाद्यांचे ध्वनिमुद्रित तुकडे साठविलेले असतात व त्यांतून योग्य तुकडा वाजविला जातो. साउंडफॉन्ट हा अशा संचाचा सर्वपरिचित प्रकार होय. म्यूझस्कोअर या मोफत प्रणालीची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात साउंडफॉन्टची फाइल ठरावीक फोल्डरमध्ये ठेवली की ती मिक्सरमध्ये दिसू लागते, आणि प्रत्येक वाद्यापुढील यादीतून हवा तो ध्वनी निवडता येतो. म्यूझ साउंड्स हे अधिक विस्तृत संच म्यूझ हब या स्वतंत्र प्रणालीद्वारे उतरवून घ्यावे लागतात. त्यांचा आकार मोठा असल्याने इंटरनेटचा वेग व संगणकाची साठवणक्षमता यांचा विचार आधीच करावा लागतो.

ही कृती सोपी आहे. अडचण पुढे सुरू होते, कारण बदलण्यासाठी समोर जी यादी येते ती निरपेक्ष नसते.

यादीतील स्थान :

१९९१ साली निश्चित झालेल्या जनरल मिडी या मानकाने १२८ वाद्यध्वनींना क्रमांक दिले. मूलभूत साउंडफॉन्टची रचना बहुधा याच क्रमाने असते. पहिले आठ क्रमांक पियानो व त्याच्या जातीतील वाद्यांना आहेत. सतार १०५ क्रमांकावर, तर सनई ११२ क्रमांकावर आहे. या दोहोंच्या मध्ये बँजो, जपानची शामिसेन व कोतो, आफ्रिकेचा कलिंबा, बॅगपाइप आणि फिडल यांना बसविले असून या संपूर्ण गटाला 'वांशिक' असे नाव आहे. म्हणजे पियानोच्या कुळाला जेवढ्या जागा मिळाल्या, तेवढ्याच जागांत अनेक खंडांतील वाद्ये एकत्र कोंबली गेली. हार्मोनियमला स्वतंत्र स्थान नाही. विद्यार्थ्याला २१ क्रमांकाच्या रीड ऑर्गनवर भागवावे लागते.

तालवाद्यांची स्थिती याहून बोलकी आहे. दहाव्या वाहिनीवर ३५ ते ८१ या क्रमांकांत ४७ तालध्वनी आहेत. त्यांत लॅटिन अमेरिकी संगीतातील बोंगो, कोंगा, माराकास आहेत. तबला, पखवाज, ढोलकी यांपैकी एकही नाही. या वगळण्यामागे हेतू शोधण्याचे कारण नाही. ज्या बाजारपेठेसाठी यादी तयार झाली, तिच्या कानांना जे परिचित होते ते आत आले. परंतु यादी एकदा मानक झाली की तिच्यातील अनुपस्थिती विद्यार्थ्याला स्वाभाविक वाटू लागते, हे अध्यापकाने लक्षात घेतले पाहिजे.

चिन्ह एक, ध्वनी अनेक :

ध्वनिसंच बदलण्याच्या सोयीमागे एक गृहीतक आहे : लेखन तेच राहते, केवळ आवाज बदलतो. पाश्चात्त्य स्वरलेखनातही हे गृहीतक पूर्णतः खरे नाही. आपल्या संगीतात तर ते फारच अपुरे पडते. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मींडेसाठी वर कमान, कणस्वरासाठी लहान अक्षर अशी सुटसुटीत व्यवस्था आहे. मात्र ती मींड किती वेगाने घ्यावी, कोठे थांबावी, हे लिपी सांगत नाही. तो भाग गुरुमुखासाठी राखून ठेवलेला आहे. संगणकावर गुरुमुखाची ही मोकळी जागा ध्वनिसंच भरून काढतो.

एक साधे उदाहरण घेता येईल. गंधारावरून मध्यमावर जाणारी मींड सतारीवर एकाच आघातात, तार ओढून घेतली जाते. संगणकात दोन स्वर लिहिले असता साध्या संचातील सतार दोन वेळा छेडली जाते आणि मींडेचे दोन सुटे स्वर होतात. तोच भाग सनईवर टाकला तर दीर्घ स्वर फुंकेच्या आधारे टिकून राहतो, सतारीवर मात्र तो विरत जातो. म्हणजे संच बदलताच स्वराचे आयुष्य बदलते, आणि त्याबरोबर आलापाची घडणही बदलते.

बोल आणि कळ :

पखवाजाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात, उजव्या पुडीवर शाई असते. 'धा' हा बोल दोन्ही हातांच्या संयोगातून निघतो. प्रणालीत एका कळीला एक ध्वनी जोडलेला असतो. आपल्या तालपरंपरेत मात्र एकच आघात वेगवेगळ्या बोलसमूहांत वेगवेगळ्या अक्षरांनी उच्चारला जातो, आणि एकच अक्षर संदर्भानुसार निराळ्या रीतीने वाजते. त्यामुळे बोल आणि कळ यांची एकास एक जोडी लावली की भाषा जाऊन केवळ वर्णमाला उरते. आठ मात्रांचा भजनी ठेका ड्रमसेटच्या ध्वनीत वाजला तर मात्रा बरोबर मोजल्या जातात, पण टाळकऱ्याचे पाऊल ज्यावर पडते तो भार त्यात आढळत नाही.

श्रुती-हार्मोनियमचा पूर्वानुभव :

आधी ठरलेल्या ध्वनीने संगीत मोजावे काय, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ई. क्लेमेंट्स यांच्यासह श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला. १९१६ साली बडोद्यात भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या वाद्याची चर्चा झाली. पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पासून सैल होत गेली. या काळात भजनी मंडळांनी मात्र हार्मोनियम सोडली नाही.

या इतिहासातून दुहेरी बोध मिळतो. संगणकाचा मूळ संच सप्तकाचे बारा समान भाग करतो, प्रत्येक भाग १०० सेंटचा. काही प्रणालींत प्रत्येक स्वर सेंटच्या हिशेबाने वर-खाली करता येतो. परंतु दरबारी कानड्यातील आंदोलित गंधार हा मुळात स्थिर बिंदूच नाही, त्यामुळे बारांऐवजी बावीस बिंदू दिल्यानेही तो हाती लागत नाही. दुसरीकडे, मर्यादा असूनही हार्मोनियम टिकली, कारण गायकाचा गळा तिच्या पुढे राहिला. संगणकालाही हेच स्थान देता येईल.

अध्यापनातील उपयोजन :

या प्रणालींची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पट्टी बदलणे, स्वच्छ छपाई, लय कमी करून सराव करणे ही त्यांची मोठी देणगी आहे. मात्र तीन पथ्ये पाळणे आवश्यक वाटते. पहिले असे की, मिडी फाइलमध्ये वाद्याचा क्रमांक जातो, ध्वनी जात नाही. एका संगणकावर सनई म्हणून ऐकलेली रचना दुसऱ्या संचावर निराळीच वाजते. म्हणून विद्यार्थ्याने काम सादर करताना संचाचे नाव व आवृत्ती नोंदवावी आणि ध्वनिफीत जोडावी. दुसरे पथ्य जतनाचे आहे. फिनाले या जुन्या प्रणालीचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबविण्यात आला. यास्तव लेखनाची एक प्रत म्युझिकएक्सएमएल स्वरूपात आणि एक प्रत भातखंडे लिपीत कागदावर असणे हिताचे ठरते.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे. पॉलिफोनसारख्या मोफत साधनाने साउंडफॉन्ट स्वतः तयार करता येतो. महाविद्यालयाने परिसरातील मृदंगवादकाला सन्मानाने व मानधन देऊन बोलवावे, प्रत्येक बोल हळू, मध्यम व जोरकस अशा तीन प्रकारे ध्वनिमुद्रित करावा, सुट्या बोलांबरोबर बोलसमूहही घ्यावेत, आणि संचावर वादकाचे नाव त्याच्या संमतीने नोंदवावे. असा संच अपूर्णच राहील. तरी तो तयार करताना विद्यार्थ्याला जे ऐकावे लागेल, ते कोणत्याही तयार संचातून मिळणारे नाही.

निष्कर्ष :

ध्वनिसंच बसविणे हे काही मिनिटांचे काम आहे. तो ऐकून पारखणे हा अभ्यासाचा विषय आहे. जनरल मिडीची यादी, एका कळीला एक ध्वनी ही रचना आणि बारा समान स्वरांचे सप्तक या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्याच्या कानावर नकळत संस्कार करतात. त्या संस्काराला प्रत्यक्ष वाद्याचा व वादकाचा सहवास मिळाला तर संगणक हे चांगले साधन ठरेल. तो न मिळाल्यास ज्या जिल्ह्यात पखवाज रोज वाजतो, तेथील विद्यार्थीच तो ऐकण्यास पारखा होईल.