‘फ्लॅश इन द पॅन’ : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ आणि समीक्षेतील उपयोग

प्रस्तावना : क्षणभर झळकून विझणाऱ्या यशासाठी इंग्रजीत ‘फ्लॅश इन द पॅन’ हा वाक्प्रचार योजला जातो. यातील ‘पॅन’ म्हणजे स्वयंपाकघरातील तवा, किंवा नदीच्या वाळूतून सोने वेगळे करण्याचे पसरट भांडे, असा समज आढळतो. तो ग्राह्य नाही. कॅलिफोर्नियात सोने सापडले १८४८ मध्ये. एल्काना सेटल याने मात्र ड्रायडनच्या नाटकांवरील टीकेत हा शब्दप्रयोग १६८७ मध्येच केला होता.

मूळ अर्थ : वाक्प्रचाराचे मूळ ठासणीच्या बंदुकीत आहे. दारू व गोळी नळीत ठासलेली असे आणि नळीच्या बाजूच्या लहान वाटीत थोडी बारीक दारू ठेवली जाई. तिला जुन्या मराठीत ‘रंजक’ म्हणत. चाप ओढताच गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे, रंजक पेटे आणि बारीक छिद्रातून आग नळीत पोहोचे. छिद्र तुंबलेले किंवा आतील दारू ओलसर असल्यास वाटीत भपकन जाळ होई. बार मात्र उडत नसे. ही वाटी म्हणजेच ‘पॅन’.

मराठी पर्याय : ‘फुसका बार’ मूळ चित्राला जवळचा आहे, परंतु त्यात आरंभीची झळाळी नाही. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आजच्या रूढ अर्थाशी जुळते. परंतु तेरडा निदान फुलतो तरी. म्हणून फसलेला प्रयत्न अभिप्रेत आहे की अल्पजीवी यश, हे संदर्भावरून ठरवूनच अनुवादकाने पर्याय निवडावा.

समीक्षेतील उपयोग : एकाच कृतीनंतर थांबलेल्या लेखकाविषयी हा वाक्प्रचार वापरण्याचा मोह होतो. एमिली ब्राँटे हिची ‘वुदरिंग हाइट्स’ ही एकमेव कादंबरी १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १८४८ मध्ये लेखिकेचे निधन झाले. कृतींची संख्या हाच निकष मानल्यास तिलाही हे विशेषण लावावे लागेल. परंतु ही कादंबरी आजही वाचली व अभ्यासली जाते. येथे बार एकच उडाला. पण तो उडाला, हे नाकारता येत नाही.

निष्कर्ष : रंजक दोन्ही वेळा पेटते, बार उडतो तेव्हाही आणि फसतो तेव्हाही. केवळ जाळ पाहून त्यांतील भेद कळत नाही. म्हणून नव्या लेखकाच्या पहिल्या यशावर हा शिक्का मारणे म्हणजे निर्णय नव्हे, घाई होय.